धुळवडीच्या सकाळी काळं झालेलं पान

आदल्या रात्री होळी झाली होती. इथे म्युनिकमध्ये बाल्कनीत होळी पेटवता येत नाही, म्हणून दिवा लावून पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. उरलेल्या पोळ्या दुसऱ्या दिवशी डब्यात द्यायच्या होत्या. २१ मार्च २०१९, धुळवडीचा गुरुवार. सकाळी साडेसहाला तवा तापत होता, आणि आतून लेकीची हाक आली, "आई, विकिपीडिया गेलाय!"

मला वाटलं नेट गेलं असेल. राउटर बघितला, दिवे नीट लागलेले. मग तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. पडदा काळाकुट्ट आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत जर्मनमध्ये मजकूर. विकिपीडियाच्या लेखकांनी आजच्या दिवसापुरता तो बंद ठेवायचं ठरवलं आहे. युरोपीय संघाच्या संसदेत कॉपीराइटचा नवा कायदा येऊ घातला आहे, त्यातल्या काही कलमांना आमचा विरोध आहे. तुमच्या भागातल्या खासदाराशी बोला. बावीस लाखांहून जास्त लेखांचा जर्मन विकिपीडिया, त्यातला एकही उघडत नव्हता. चेक, स्लोव्हाक आणि डॅनिश विकिपीडियाही त्याच दिवशी बंद होते.

लेक तेव्हा सातवीत होती. शुक्रवारी तिचं रेफराट होतं, म्हणजे वर्गासमोर उभं राहून एखादा विषय मांडायचा. तिच्या वाट्याला आलेला विषय म्युनिक शहराचा जन्म. अर्धी टिपणं व्हायची होती आणि पान काळं.

मी मात्र तिथेच थबकले, कारण हे काळं पान मी आधी एकदा पाहिलं होतं. १८ जानेवारी २०१२. तेव्हा मी पुण्यात नोकरीला होते. सकाळी साडेदहा वाजता, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मध्यरात्री, इंग्रजी विकिपीडिया बंद झाला आणि दुसऱ्या दिवशी साडेदहालाच परत सुरू झाला. अमेरिकन काँग्रेससमोर सोपा आणि पिपा नावाची दोन विधेयकं होती. चोरीचा माल ठेवल्याचा आरोप असलेली परदेशी संकेतस्थळं अमेरिकेतल्या लोकांना दिसूच नयेत, शोधयंत्रातही सापडू नयेत, अशी त्यांत तरतूद होती. त्या दिवशी रेडिटने बारा तास दार लावून घेतलं, गुगलने आपल्या नावावर काळी पट्टी ओढली. विकिपीडियाच्या त्या काळ्या पानावरून ८० लाखांहून जास्त लोकांनी आपल्या लोकप्रतिनिधीचा पत्ता शोधला. पाठिंबा दिलेले सिनेटर एकेक करून मागे सरले आणि दोनच दिवसांत, २० जानेवारीला, दोन्ही विधेयकं बाजूला ठेवली गेली. मराठी विकिपीडिया त्या दिवशी चालू होता. ऑफिसात आम्ही ती बातमी दूरच्या देशातली म्हणून वाचली आणि चहाला गेलो.

सात वर्षांनी तेच पान माझ्या घरात, माझ्या मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर होतं.

टिपणांची सोय वरच्या मजल्यावरच्या आजींनी केली. आम्ही घरात त्यांना वरच्या आजीच म्हणतो. त्यांच्या दिवाणखान्यात ब्रॉकहाउस या जर्मन ज्ञानकोशाचे जाडजूड खंड ओळीने लावलेले आहेत. शाळा सुटल्यावर लेक तिथे गेली, मीही पुरणपोळी घेऊन पाठोपाठ गेले. पोळीचा वास घेत आजींनी विचारलं, "तुम्ही दोघी कुणाच्या बाजूने?" आणि उत्तराची वाट न बघता म्हणाल्या, "मी कायद्याच्या बाजूने आहे."

त्यांचे यजमान संगीतकार होते. चर्चच्या वृंदांसाठी गाणी रचायचे. ते गेल्यावर गेमा ही संगीतकारांची मानधन गोळा करणारी संस्था दरवर्षी आजींना त्या रचनांचे पैसे पाठवते. रक्कम लहान, पण ती आली की आजी यजमानांच्या फोटोपुढे फुलं ठेवतात. "हे खंड लिहिणाऱ्यांनाही पगार होता," त्या ब्रॉकहाउसकडे हात करून म्हणाल्या. "आता छपाईच थांबली. फुकटात सगळं मिळालं की लिहिणाऱ्याने खायचं काय?"

हा प्रश्न मला मनापासून पटतो. आपल्याकडच्या किती शाहिरांची, कीर्तनकारांची, संगीतकारांची शेवटची वर्षं हलाखीत गेली, हे आपल्याला ठाऊक आहे. कलावंताला त्याच्या कष्टाचे पैसे मिळालेच पाहिजेत. माझं भांडण होतं ते या नव्या कायद्यातल्या कलम १३ शी.

तोवर युरोपातली पद्धत अशी होती: कुणी आपलं गाणं किंवा चित्र परवानगीशिवाय एखाद्या संकेतस्थळावर टाकलं, तर मालकाने कळवायचं आणि मग संकेतस्थळाने ते काढायचं. कलम १३ ने ही जबाबदारी आधीच, वस्तू चढवली जात असतानाच, मोठ्या संकेतस्थळांवर टाकली. परवाना घ्या, नाहीतर ती वस्तू दिसणार नाही यासाठी शक्य ते सगळं करा, नाहीतर तुम्हीच दोषी. कायद्याच्या मसुद्यात फिल्टर हा शब्द कुठेही नव्हता. पण दर मिनिटाला शेकडो तासांचे व्हिडिओ येत असतील तर माणसं बसवून ते तपासणार कसे? म्हणून इथे पोराटोरांच्या तोंडी एकच शब्द झाला, अपलोडफिल्टर. म्हणजे दारातच लावलेली चाळण.

ही चाळण काय करते ते मी आदल्या वर्षीच अनुभवलं होतं. २०१८ च्या गणेशोत्सवात आमच्या इथल्या मंडळात मुलांनी आरती म्हटली. पेटी माझ्या लेकीने वाजवली, टाळ दुसऱ्या मुलांनी धरले. तो व्हिडिओ मी एका मोठ्या संकेतस्थळावर चढवला, आईला पुण्यात बघता यावा म्हणून. तासाभरात आवाज बंद. या ध्वनीवर अमुक कंपनीचा हक्क आहे, असा निरोप. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात रचलेली आरती! रचनाकाराच्या मृत्यूनंतर जर्मनीत ७० वर्षं आणि भारतात ६० वर्षं हक्क राहतो, तो कधीच संपलेला. त्या कंपनीने कधीतरी हीच आरती कुणाकडून गाऊन घेतली असणार, आणि आमच्या मुलांची चाल यंत्राला तिच्यासारखी वाटली असणार. चाळणीला जाड-बारीक कळतं. चोरून घेतलेलं कोणतं आणि घराघरात पिढ्यान्‌पिढ्या म्हटलं जाणारं कोणतं, हे तिला कळायचा मार्गच नाही. टीका करताना दिलेला उतारा, विडंबन, शाळेतल्या नाटुकल्यात वाजवलेली धून, सगळ्यांचं तेच.

मी हे आजींना सांगितलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मुलांचा आवाज बंद केला?" त्यांचं मत बदललं नाही, पण दुसरी पोळी घेताना त्यांनी ती आरती म्हणून दाखवायला सांगितली. लेकीने म्हटली.

आणि त्या काळ्या पानाबद्दल मला सर्वांत जास्त आदर वाटला तो एका गोष्टीसाठी. ना-नफा तत्त्वावर चालणारे ऑनलाइन ज्ञानकोश या कलमातून वगळलेले होते. विकिपीडियाला कलम १३ लागू होणारच नव्हतं. तरीही संपादकांनी आपापसात मतदान घेऊन एक दिवस स्वतःचं दार लावून घेतलं.

शनिवारी, २३ मार्चला, मोर्चे निघणार होते. लेक म्हणाली, जायचं. नवऱ्याला काळजी होती. आपण परदेशी, व्हिसावर राहणारे, कुठे नाव लिहून घेतलं तर? त्याची भीती खोटी नव्हती, ती आपल्यातल्या प्रत्येकाच्या पोटात असते. जर्मन राज्यघटनेत सभा भरवण्याचा हक्क "सर्व जर्मन नागरिकांना" असा लिहिला आहे, म्हणून मी आणखी शोधलं. बव्हेरिया राज्याच्या सभा कायद्याचं पहिलंच कलम "येडरमान" या शब्दाने सुरू होतं. येडरमान म्हणजे प्रत्येक जण. शांततेने, शस्त्राविना जमण्याचा हक्क प्रत्येकाला. मी ते वाक्य नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. या देशात आम्हाला मत नव्हतं, पण चौकात उभं राहता येत होतं.

लेकीने सामानाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून फलक केला. त्यावर तिने रेफराटमधलीच गोष्ट लिहिली. बाराव्या शतकात राइशनहालकडून ऑग्सबुर्गकडे जाणाऱ्या मिठाच्या गाड्या फ्योरिंग इथल्या बिशपच्या पुलावरून इसार नदी ओलांडत आणि बिशप त्यांच्याकडून जकात घेई. सिंह म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ड्यूक हाइनरिशने तो पूल पाडला आणि थोडं वरच्या अंगाला स्वतःचा पूल बांधून मिठाची वाट आपल्याकडे वळवली. १४ जून ११५८ ला सम्राट फ्रीडरिश बार्बारोसाने तडजोड करून दिली, उत्पन्नाचा एक तृतीयांश भाग बिशपला. तोच दिवस म्युनिकचा जन्मदिवस मानतात. फलकावर तिने एवढंच लिहिलं: "११५८: वाट एकाच्या हाती. २०१९: पुन्हा?"

हारासहून सुटणारी उ-बान, म्हणजे इथली भुयारी रेल्वे, मुलांनी खचाखच भरलेली होती. मारियनप्लाट्झ या शहराच्या मधल्या चौकात वर आलो तर हलायला जागा नाही. पोलिसांनीच नंतर ४० हजारांचा आकडा दिला, आणि जर्मनीभरात मिळून लाखाच्या वर लोक उतरले होते. बहुतेक फलकांवर एकच ओळ, "आम्ही बॉट नाही," म्हणजे आपोआप संदेश पाठवणारी यंत्रं नाही. कारण खासदारांना हजारोंनी इमेल गेल्यावर एका खासदाराने जाहीरपणे म्हटलं होतं, ही पत्रं गुगलने पाठवलेली दिसतात. त्याच शनिवारी दुसऱ्या एकाने आंदोलक पैसे देऊन आणलेत असं सुचवलं. मी लेकीकडे पाहिलं. तिच्या बोटांना मार्करची शाई लागली होती आणि तिकिटाचे पैसे मी पर्समधून दिले होते. मला फार राग आला. तेरा वर्षांची मुलगी पहिल्यांदा स्वतःच्या मताने घराबाहेर पडते आणि मोठी माणसं तिला यंत्र म्हणतात.

एका विद्यार्थ्याने तिला फलकाचा अर्थ विचारला. तिने पुलाची गोष्ट सगळी सांगितली, तारखेसकट. ऐकायला आणखी चार-पाच जण थांबले.

मंगळवारी, २६ मार्चला, स्ट्रासबुर्गमध्ये युरोपीय संसदेत मतदान झालं. जेवणाच्या सुट्टीत मी फोनवर बघत होते. कलम १३ वर वेगळं मतदान घ्यावं का, हा प्रश्न आधी आला. घ्यावं म्हणणारे ३१२, नको म्हणणारे ३१७. पाच मतांनी गेलं. मग अख्खा कायदा ३४८ विरुद्ध २७४ ने मंजूर झाला, ३६ तटस्थ. संध्याकाळी कळलं की आधीच्या मतदानात काही सदस्यांचं, त्यात स्वीडनचेही होते, चुकीचं बटण दाबलं गेलं होतं. त्यांनी नोंदीत दुरुस्ती करून घेतली, पण निकाल बदलत नाही. लेक त्या रात्री जेवली नाही. तिला काय सांगावं हे मला सुचलं नाही, म्हणून मी नुसती शेजारी बसले.

पुण्यातल्या मैत्रिणी म्हणाल्या, एक दिवस विकिपीडिया बंद राहिला त्याचं एवढं काय? मी त्यांना पालघरची आठवण दिली. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईतल्या बंदबद्दल फेसबुकवर एका मुलीने लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं आणि दोघींना अटक झाली. त्यावेळी लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६-अ हे कलम मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं, पण तोवर ते कितीतरी जणांवर लागून झालं होतं. कायदा कागदावर असताना बोलणं स्वस्त पडतं.

इथला कायदा संमत झाला, तरी तो प्रत्येक देशाने आपापल्या कायद्यात उतरवायचा होता, त्यामुळे कागदावर भांडायला अजून जागा होती. १५ एप्रिलला जर्मनीने सदस्य देशांच्या परिषदेत बाजूने मत दिलं, पण शक्यतो अपलोडफिल्टर टाळू असं निवेदन सोबत जोडावं लागलं. पुढे १ ऑगस्ट २०२१ ला जर्मनीचा स्वतःचा कायदा लागू झाला. त्यात १५ सेकंदांपर्यंतचा आवाज किंवा चित्रफीत, १६० अक्षरांपर्यंतचा मजकूर, १२५ केबीपर्यंतचं चित्र, असा छोटासा तुकडा आपल्या निर्मितीत पैसे न कमावता वापरला तर यंत्राने तो परस्पर अडवू नये, अशी सोय आहे. विडंबनाला मुभा आहे. वापरणाऱ्याला "हे मला करता येतं" असं नोंदवता येतं आणि तक्रारीचा निर्णय अखेर माणसाने द्यायचा आहे. मोर्चातल्या पोरांना हवं होतं ते हे नव्हे. पण त्या शनिवारी चौक भरला नसता तर हे १५ सेकंदही कुणी लिहिले नसते, असं मला ठामपणे वाटतं.

पुढच्या एका गणेशोत्सवात आम्ही पुन्हा आरती चढवली. पुन्हा निरोप आला, ध्वनीवर हक्क दुसऱ्याचा. या वेळी हरकतीचा अर्ज लेकीनेच भरला. रचनेचा काळ: सतरावं शतक. गायक: आम्ही. वादक: मी. परवानगी कोणाची घेतली, या रकान्यात तिने लिहिलं, "कोणाचीच लागत नाही." तो अर्ज वाचायला वरच्या आजी खाली आल्या होत्या. त्यांनी चश्मा लावून एका शब्दाचं जर्मन स्पेलिंग सुधारलं आणि मग तिने तो पाठवला.