मधलं नाव बापाच्या बारशालाच ठरलेलं

वहिनीला सातवा लागलाय आणि फॅमिली ग्रुपवर नावांचा नुसता पाऊस पडतोय. मी होणारी आत्या, म्हणजे बारशाला बाळाच्या कानात कुर्रर्र करायचा मान माझा, त्यामुळे प्रत्येक नाव माझ्याकडून पास व्हायला हवं असं मी परस्पर ठरवून टाकलंय.

अमेरिकेतल्या लोकांचं बरं असतं, पहिलं नाव ठरलं की त्याला शोभेल असं मधलं नाव शोधायचं, आजीचं घ्या, मावशीचं घ्या, नाहीतर नुसतं कानाला गोड लागतं म्हणून घ्या. आपल्याकडे उलटी गंगा. मधलं नाव बाळाच्या बापाच्या बारशालाच ठरून गेलेलं, आता जे काय जुळवायचं ते पहिल्या नावाने. आणि आमच्या दादाचं नाव यशवंत! पणजोबांचं ठेवलेलं. त्याच्यापुढे कियान, रेयांश लावून बघा. रेयांश यशवंत. आई म्हणाली, पोरगा आजचा आणि बाप पेशवाईतला वाटतोय.

मला अमेय आवडलं होतं. पण अमेय यशवंत जरा भरभर म्हणून बघा, दोन य एकमेकांत घुसतात आणि 'अमेयशवंत' असं काहीतरी ऐकू येतं, शाळेत हजेरी घेताना बाईंची फजिती. लोक राशीचं अक्षर बघतात, अर्थ बघतात, आणि हे मोठ्याने म्हणून बघायचं मात्र राहून जातं.

तसं हे मधलं नाव दिसतं त्यापेक्षा फार चिवट असतं. पुलंमधला 'ल' म्हणजे त्यांचे वडील लक्ष्मण, गदिमांमधला 'दि' म्हणजे दिगंबर, आपण प्रेमाने हाक मारतो त्यात बाप आपोआप येतोच. मधलं नाव हौसेने निवडलेलं असं मराठी उदाहरण मला एकच आठवतं, गावसकरांचं. स्वतः सुनील मनोहर, अगदी रीतसर, पण मुलाचं नाव रोहन जयविश्व. रोहन कन्हाय, जयसिंहा आणि विश्वनाथ, तीन आवडते क्रिकेटर एका पाळण्यात! आमच्या दादाला हे सांगून चूक, तो लगेच टीम निवडायला बसेल.

पण खरी गंमत पुढेच आहे. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा सरकारी कागदांसाठी नियम झालाय. वहिनीचं नाव ज्ञानदा. अमेय ज्ञानदा यशवंत. आता म्हणा! दोन य च्या मध्ये ज्ञानदा आली आणि सगळं कसं सुटसुटीत झालं, मी तर हे ग्रुपवर व्हॉइस नोट करून टाकलं. वहिनीने त्यावर फक्त एक हसरा इमोजी टाकला, पण संध्याकाळी फोनवर म्हणाली, अहो ताई, मुलाला माझं नाव लागणार हे भारीच, पण लग्नानंतर माझ्या आधार कार्डावर मधे तुमचा दादा येऊन बसला त्याचं काय. बरोबरच आहे तिचं, लग्न झालेल्या बाईच्या नावाची पद्धत त्या निर्णयात आहे तशीच ठेवलीये, तिच्या नावापुढे नवऱ्याचंच. म्हणजे पोरगं आईचं नाव मिरवणार आणि आई बाबाचं, फिरून फिरून यशवंतच.

दादाचं वेगळंच टेन्शन, एवढं लांब नाव फॉर्मच्या चौकोनांत मावणार का. मी म्हटलं, इतकी वर्षं यशवंतराव, बळवंतराव, पुरुषोत्तम सगळे मावले ना, मग ज्ञानदाला काय होतंय मावायला, तीन अक्षरांचा तर जीव.

अमेयवर अजून आईची सही बाकी आहे, तिला जुनं हवंय. मुलगी झाली तर मात्र मुक्ता, त्यावर कोणाचंच दुमत नाही. मुक्ता ज्ञानदा यशवंत. म्हणून बघा एकदा, जीभ कुठेही अडखळत नाही.