फक्त सोमवारी

आज मावशीला घेऊन संधिवाताच्या डॉक्टरांकडे गेले होते. सकाळी तासभर तिच्या हाताची मूठ वळत नाही, चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरते. रिपोर्ट बघून रुमेटॉइड आर्थ्रायटिसचं (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो संधिवात) निदान पक्कं झालं आणि त्यावरची मेथोट्रेक्सेट नावाची गोळी सुरू झाली.

चिठ्ठीवर डॉक्टरांनी 'फक्त सोमवारी' असं लाल पेनने लिहून खाली दोन रेघा ओढल्या. ही गोळी आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतली तर तोंड येतं, रक्तपेशी घटतात, जिवावर बेतू शकतं. त्रास कमी व्हावा म्हणून सोबत दिलेली फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाची गोळी वेगळ्या दिवशी. रक्ताच्या आणि लिव्हरच्या तपासण्या नियमित. गुण यायला 6 ते 12 आठवडे लागतात, तोवर धीर धरायचा.

"अगं, ही तर कॅन्सरची गोळी ना?" मावशी घाबरलीच. कॅन्सरवर हेच औषध देतात, पण कितीतरी मोठ्या डोसमध्ये, हे डॉक्टरांनी शांतपणे समजावलं तेव्हा कुठे तिचा चेहरा सैल झाला.

मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. इतकी वर्षं ती पेनकिलरवर दिवस काढत होती. त्याने ठणका कमी होतो, सांध्याची आतली झीज थांबत नाही, हे तिला कुणी सांगितलंच नाही. जो तो म्हणायचा, "वय झालं, चालायचंच!" अहो, हा आजार तिशी-चाळिशीतही होतो.

आणि हो, घरातली लेक-सून या गोळीवर असेल तर मुलाचा विचार करण्याआधीच डॉक्टरांशी बोला. गरोदरपणात ही अजिबात चालत नाही.