लोणारएवढा खड्डा, दोन पिक्सेलचा

आज पौषातली दशमी. आभाळ चकाचक होतं म्हणून सातलाच १३० एमएम आरशाची दुर्बीण स्लॅबवर चढवली अन् तिथंच चुकलो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत गरमी सोडत राहतो, त्या हवेतून पाहिलं की चंद्र पाटाच्या पाण्यात हलतो तसा हलतो, लॅपटॉपवर चंद्रावरच्या कोपर्निकस खड्ड्याची कड नुसती फडफडत होती. मग दोन खेपा करून सगळं सामान घरामागं हरभऱ्याच्या धुऱ्यावर आणलं. फडफड निम्म्यावर आली. हे मला तीन वर्षांनी कळलं, बोला.

पुनवेचा चंद्र सगळ्यांना आवडतो पण फोटोला अगदी बेकार, ऊन समोरून पडतं, सावली कुठंच नाही, चुना फासलेल्या ताटासारखा सपाट येतो. मजा उजेड-अंधाराच्या कडेवर. आज कोपर्निकस तिथंच होता, ९३ किमीचा खड्डा, अर्ध्या तळात काळी सावली अन् मधल्या डोंगरांची टोकं तेवढी उजेडात.

एका मिनिटाचा व्हिडिओ घेतला, दोन हजारावर फ्रेम निघाल्या. फोटो एकच काढून भागत नाही कारण हवा क्षणभर थांबते अन् परत हलते, ती थांबलेली फ्रेम नेमकी कोणती ते आपल्याला थोडीच कळतं. ते काम ऑटोस्टॅकर्ट नावाचं सॉफ्टवेअर करतं, कापसातून कवडी बाजूला काढावी तसं. वरच्या दोनशे ठेवल्या, बाकीच्या फेकल्या, राहिलेल्या एकावर एक रचल्या की दाणेदारपणा जातो पण फोटो दिसतो धूसर, मग रेजिस्टॅक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वेव्हलेटचे, म्हणजे बारकावे उठावदार करायचे स्लायडर. माझी खरी वाट तिथंच लागते. थोडं ओढलं की कडा उमटतात, अजून थोडं, अजून थोडं, अन् भान राहत नाही. मागच्या महिन्यातला फोटो आज उघडला तर प्रत्येक खड्ड्याला पांढरी किनार, बाजूला काळी रेघ, जसं कोणी पेनानं गिरवलंय. तेव्हा तोच स्टेटसला ठेवला होता मी!

आज हात आखडता घेतला. पुतणी शेजारी बसून पाहत होती, तिनं विचारलं, "काका, यात लोणारएवढा खड्डा कोणता हाये?"

शाळेची सहल गेली होती तिची लोणारला, उतरता-चढता पाय दुखले म्हणून दोन दिवस सांगत होती. मी हिशोब केला. बार्लो, म्हणजे चित्र मोठं करणारं जादा भिंग लावून माझ्या एका पिक्सेलमध्ये चंद्रावरचा पाऊण-एक किमी बसतो, लोणार १.८ किमी, म्हणजे दोनच पिक्सेल, अन् या आरशाला तेवढं बारीक सुटं दिसतही नाही. कोपर्निकस शंभरेक पिक्सेलचा. तिला म्हटलं, असेल इथंच कुठंतरी, आपल्याला दिसणार नाही. तिला पटलं नाही. मग तिला चंद्रावरचे काळे डाग दाखवले अन् सांगितलं की तो बेसॉल्ट आहे, लोणार ज्यात पडलंय तसाच, आपल्या विहिरीतून निघतो तसला काळा दगड. ते मात्र तिला आवडलं, उठून बॅटरी घेऊन विहिरीकडं निघाली, तिला धरून आणावं लागलं.

तेवढ्यात बाबा आले. स्क्रीनकडं पाहिलं, काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हे झालं असन तं चाल, बारा वाजता लाईन येते, हरभऱ्याले पाणी द्याचं हाये."

गेलो. रातची लाईन साडेबाराला आली. पाटात पाणी सुटलं, त्यात पश्चिमेकडं उतरलेला चंद्र थरथरत होता, डिट्टो स्लॅबवरचा व्हिडिओ. बाबांना दाखवलं. म्हणे, "पायाकडं पाह्य, साप असन."

लॅपटॉप उघडा राहिला होता. दोनला घरी आलो तर कीबोर्डवर दव, दुर्बिणीच्या नळीवरही. आरसा फॅनखाली ठेवलाय, पुसायचा नाही, पुसला की ओरखडे पडतात. उद्या एकादशी. सामान सरळ धुऱ्यावरच लावीन.