बाळकृष्ण आधी पुसायचा

गुरुवार, रात्री. शनिवार पेठ.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आज अठरा दिवस झाले. तिला खाली बसता येत नाही, म्हणून देवपूजा माझ्याकडे आली आहे. मी देव मानत नाही, हे कॉलेजपासून घरात सगळ्यांना माहीत आहे. तिलाही. तिने एवढंच बजावलं, "भसाभस पाणी ओतू नकोस. आणि बाळकृष्ण आधी पूस, तो घरंगळतो."

बाळकृष्ण पितळी, रांगता, अंगठ्याएवढा. पणजीच्या वेळचा असावा. इतकी वर्षं पुसून पुसून नाक-डोळे पार गेलेत, हातातला लोण्याचा गोळा तेवढा शाबूत आहे. गंध नक्की कुठे लावायचं ते रोज चाचपडावं लागतं.

आज मी ताम्हनात हात घालून बसलेलो असताना भाचा चहाचा कप घेऊन दारात उभा राहिला. अकरावीत आहे, सध्या आमच्याकडेच असतो. "मामा, तू नास्तिक ना? मग हे काय चाललंय?" मी काही बोलायच्या आत तोडगाही त्यानेच काढला. "तू अज्ञेयवादी सांगत जा. म्हणजे मधलं. सेफ."

ते 'मधलं' दिवसभर कुसळासारखं टोचत राहिलं.

अज्ञेयवादी म्हणजे इंग्रजीतला 'अग्नॉस्टिक'. तो शब्द घडवला इंग्रज जीवशास्त्रज्ञ टॉमस हक्सलीने, 1869 साली. डार्विनची बाजू घेऊन भल्याभल्यांना अंगावर घेणारा हा माणूस काही सेफ खेळणारा नव्हता. त्याचा आग्रह साधा होता: जे पुराव्याने कळलेलं नाही, ते कळल्याचा आव आणू नये. म्हणजे प्रश्न 'ठाऊक आहे का?' असा. आस्तिक-नास्तिक हे 'मानतोस का?' या प्रश्नाचं उत्तर. एकाचं उत्तर देऊन दुसरा प्रश्न काही सुटत नाही. मी मानत नाही, म्हणून नास्तिक. पण देव नाहीच हे सिद्ध करून दाखव म्हटलं तर हात वर करीन, म्हणून अज्ञेयवादीही. मानायचं की नाही हेच ज्यांचं ठरलेलं नाही, तेही स्वतःला अज्ञेयवादी म्हणवतात. खुशाल म्हणवोत. फक्त घरात वाद नको म्हणून हा शब्द पांघरायचा, हे मला पटत नाही.

त्यात आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. जुन्या दर्शनांच्या हिशेबात नास्तिक म्हणजे वेद प्रमाण न मानणारा. 'नास्तिको वेदनिन्दकः' असं मनुस्मृतीत सरळच म्हटलंय. त्यामुळे वेद मानणारे, पण जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे मीमांसक आस्तिकांच्या पंगतीत, आणि जैन, बौद्ध चार्वाकांबरोबर नास्तिकांच्या. आणि ज्या वेदांवरून ही पंगत मांडली, त्यातच नासदीय सूक्त आहे. ऋग्वेद, दहावं मंडल. ही सृष्टी कुठून आली, ते परमव्योमात बसून पाहणारा अध्यक्ष जाणत असेल, 'यदि वा न वेद', किंवा तोही जाणत नसेल. सूक्त तिथेच संपतं. हे वाचलं की दर वेळी मला त्या ऋषीला चहाला बोलवावंसं वाटतं.

संध्याकाळी आईच्या पायाला बर्फ लावत होतो. भाच्याने तिलाही गाठलं. "आजी, देव आहे हे तुला नक्की माहितेय?"

"नक्की कुणाला माहितेय? मी काय बघून आलेय? असेल, नसेल. मी मानते." आणि मग माझ्याकडे वळून, "बर्फ जरा डावीकडे सरकव."

भाचा गप्प. मीही. सत्तर वर्षं एकादशी न चुकवणारी आमची आई अज्ञेयवादी निघाली. आस्तिक आणि अज्ञेयवादी. म्हणजे न ठाऊक असण्यात आम्ही मायलेक एका बाजूला, मानण्यात समोरासमोर.

मी मनात ही मांडणी जुळवतोय, तेवढ्यात ती म्हणाली, "सकाळी नैवेद्यावर तुळस ठेवलीस का?"

नव्हती ठेवली.

"वाटलंच मला. आता दुधाची वाटी दाखव, तिच्यात ठेव. पण आज द्वादशी आहे का बघ आधी. असेल तर खुडू नकोस."

कॅलेंडर बघितलं. द्वादशीच होती. फुलांच्या परडीत कालची दोन पानं होती, सुकत आलेली. "चालतील का?" म्हणून विचारलं.

"चालतात. धुऊन घे."