गेको पाळणाऱ्यांना सॅलमँडरची ओढ लागते तेव्हा

लेपर्ड गेको ही पाल पाळणाऱ्या मुलांना कधी ना कधी सॅलमँडरचं, म्हणजे पालीसारख्या दिसणाऱ्या पण बेडकाच्या गोतावळ्यातल्या प्राण्याचं वेड लागतं आणि पहिला प्रश्न येतो, पुण्याजवळ कुठे दिसेल? कुठेच नाही. सह्याद्रीत सॅलमँडर नाहीत. कात्रज घाटात काढलेला ‘सॅलमँडर’चा फोटो बहुतेक वेळा सापसुरळीचा निघतो. अंगावर खवले, बोटांना नखं किंवा डोळ्यामागे कानाचं भोक दिसलं, की ती सरड्या-पालींच्या गोतावळ्यातली समजा.

आपल्या देशातले सॅलमँडर पूर्व हिमालयात आणि ईशान्येत राहतात. दार्जिलिंगकडच्या जातीला 2015 साली टायलोटोट्रायटन हिमालयानस हे वेगळं नाव मिळालं. पावसाळ्यात ते अंडी घालायला डबक्यांत उतरतात, हिवाळ्यात दगड-पाचोळ्याखाली दडतात. म्हणून जायचं ते पावसाळ्यातच. कायद्याने ते संरक्षित आहेत; बघायचं, पकडायचं नाही.

गेकोमुळे लागलेल्या सवयी इथे घातक ठरतात. गेकोला पोटाखाली 31-32 अंशांची ऊब लागते. दुकानांत मिळणाऱ्या ॲक्सोलॉटलला, म्हणजे पाण्यातच राहणाऱ्या सॅलमँडरला, पाणी 16 ते 18 अंशांचं हवं. पुण्याच्या मे महिन्यात पाणी थंड करणाऱ्या चिलरशिवाय ते जमत नाही. सॅलमँडर त्वचेतूनही श्वास घेतो, त्यामुळे हाताला लागलेलं डासांचं मलम किंवा साबण थेट त्याच्या शरीरात जातो. गेकोसारखं हातावर खेळवणं नकोच.

हातांसारखीच बुटांचीही काळजी घ्या. नेदरलँड्समधले फायर सॅलमँडर ज्या बुरशीने जवळजवळ संपवले, तिची ओळख 2013 साली पटली. ती चिखलातूनही पसरते. एका डबक्यावरून दुसऱ्याकडे जाण्याआधी बुटांचे तळवे ब्रशने घासा, 4 टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचमध्ये) पाच मिनिटं ठेवा, पाणवठ्यापासून लांब धुवा, पूर्ण वाळवा. चिखल आधी काढला नाही तर ब्लीच आतपर्यंत पोचतच नाही.

दार्जिलिंगला जाईपर्यंत नजर तयार करायला मावळ उत्तम. देवगांडूळ शोधा! बिनपायाचा असला तरी तो बेडूक-सॅलमँडरचाच भाऊबंद. इंडोटिफ्लस बॅटर्सबी ही जात 1960 साली खंडाळ्याच्या नमुन्यांवरूनच नोंदली गेली. जून-जुलैत, जमिनीत पाणी मुरल्यावर ओल्या दगडांखाली बघा. त्याच दगडांखाली फुरसंही असतं, म्हणून बोटं घालू नका. लांब दांड्याच्या आकड्याने (हुकने) दगडाची पलीकडची कड स्वतःकडे उचला, म्हणजे साप आणि तुमच्यामध्ये दगड राहतो. फोटो झाला की आधी दगड होता तसा ठेवा, मग देवगांडुळाला ओल्या पानावरून दगडाच्या कडेशी सोडा. तो आपला आपण आत शिरतो. वरून दगड टेकवला तर चिरडतो.