ऑफिस हललं, माणसं तिथंच राहिली: एकतीस पगार पोचवायचा माझा अनुभव

2023 चा मे महिना, दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव, आणि मी जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला, कारण आमच्या घरात रेंज फक्त तिथंच येते. माझं काम सुदानमधल्या ऑफिसचं, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं, म्हणजे तिथं सकाळी नऊला काम सुरू होते तेव्हा इथं साडेबाराचं ऊन. माय दर तासाला पाणी आणून देई अन म्हणे, "काहून भाजून राहिला बाबू सोताले, संध्याकाळी कर ना."

पण संध्याकाळपर्यंत थांबता येत नव्हतं. मी एका परदेशी मदत संस्थेत फायनान्सचं काम करतो, पोस्टिंग सुदानच्या राजधानीत, खार्टूमला होतं. 15 एप्रिलला तिथं सुदानी सैन्य आणि आरएसएफ (रॅपिड सपोर्ट फोर्सेस) या निमलष्करी दलाची लढाई सुरू झाली, रमजानचे शेवटचे दिवस होते, आम्ही आठ दिवस पॅसेजमधे गाद्या टाकून खिडक्यांपासून लांब राहिलो, मग बसने साडेआठशे किलोमीटरवर लाल समुद्रावरचं पोर्ट सुदान, तिथून भारतीयांना परत आणायच्या ऑपरेशन कावेरीत नेव्हीच्या जहाजाने जेद्दा आणि पुढं विमानाने मुंबई. त्या ऑपरेशनमधे 3,800 च्या वर लोक आले, मी त्यातला एक.

संस्थेनं जाहीर केलं की ऑफिस पोर्ट सुदानला रिलोकेट झालं. खरं सांगायचं तर ऑफिस तुकड्या तुकड्यांनी विखुरलं होतं, साहेब नैरोबीत, एचआरवाली मॅडम कैरोत, मी गावात. आणि आमचे एकतीस सुदानी सहकारी, ड्रायव्हर, नर्स, स्टोअरकीपर, चौकीदार, ते होते तिथंच, नाहीतर नातेवाईकांकडं वाद मदनी या शहराला निघालेले. रिलोकेशन ज्याच्याकडं बाहेरचा पासपोर्ट त्याचंच झालं, हे मला तेव्हाही टोचत होतं अन आजही टोचते.

तर त्यांचा पगार. ऐकायला सोपं वाटते, पण पगाराची शीट ऑफिसच्या सर्व्हरवर, सर्व्हर बंद. चेकबुक कपाटात, कपाट खार्टूममधे. बँकेच्या बहुतेक शाखा बंद, आणि सह्या करणारे दोघंही देशाबाहेर, बँकेला तर कागदावर शाईची सही पायजे. मी व्हॉट्सअपवर एकेकाला शोधून नाव, खाते नंबर, ओळखपत्राचा फोटो मागवला, यादी पुन्हा नव्यानं बनवली. त्यात बारा दिवस गेले कारण कोणाचा फोन चार्ज नाही, कोणाकडं नेट नाही, आणि इकडं आपली लाईन गेली की टॉवरबी जायचा. नवीन सह्यांचं पत्र शेवटी एक जण कैरोहून विमानाने हातोहात पोर्ट सुदानच्या शाखेत घेऊन गेला. जूनमधे पगार मोबाईल बँकिंगवर पडले. पण मोबाईलमधला आकडा खाता येत नाही ना! नोटाच नव्हत्या बाजारात, रोख देणारे कट कापून घ्यायचे, एका ड्रायव्हरला शंभरातले वीस सोडावे लागले.

मग डोनरचं, म्हणजे आम्हाला निधी देणाऱ्यांचं, पत्र आलं. गोडाऊन लुटल्या गेलं होतं, गाड्या गेल्या होत्या, आणि त्यांना नुकसानीचा पुरावा पायजे होता, सिरियल नंबरसकट यादी, पोलीस रिपोर्ट, फोटो. आपल्याकडं गारपीट झाली की तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक पंचनाम्याले येतात, उशिरा का होईना बांधावर येऊन पाहतात. तिथं पाहायला जाणार कोण? स्टोअरकीपर म्हणाला मी जाऊन फोटो काढतो. मी साफ नाही म्हटलं, फोटोपायी माणूस पाठवायचा नाही. शेवटी जुने ईमेल उकरून खरेदीची बिलं काढली, तिघांचे लेखी जबाब घेतले, आणि तेवढ्यावर फाईल पास करायला दोन महिने भांडलो. आमच्या साहेबांनी साथ दिली म्हणून जमलं.

विदेशी स्टाफला व्हिसा मिळत नव्हता, माझा नोव्हेंबरात आला. पोर्ट सुदानला गेलो तर सरकार, यूएन, सगळ्या संस्था त्या एकाच शहरात, घरभाडं गगनाला, पाणी गाढवाच्या गाड्यावरून विकत. कामासाठी गाडी हलवायची तर सरकारच्या मानवतावादी मदत आयोगाचा परवाना, आणि आरएसएफच्या भागात शिरलं की त्यांचा वेगळा. डिसेंबरात वाद मदनीही आरएसएफच्या हाती पडलं, आमचे जे लोक तिथं निवाऱ्याला गेले होते त्यांना तिथूनही पळावं लागलं. डब्ल्यूएफपीच्या (यूएनचा जागतिक अन्न कार्यक्रम) तिथल्या गोडाऊनमधून जवळपास पंधरा लाख लोकांना महिनाभर पुरेल एवढं धान्य लुटलं गेलं. फेब्रुवारी 2024 मधे बहुतेक देशाचं नेट गेलं, लोक तासाचे पैसे देऊन स्टारलिंकच्या सॅटेलाईट नेटवर मेसेज टाकायचे.

त्या काळात खरं जेवण घातलं ते मोहल्ल्या-मोहल्ल्यातल्या पोरापोरींच्या इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स नावाच्या स्वयंसेवी गटांनी, सामुदायिक चुली पेटवून. त्यांना पैसे देताना आमचे नियम छापील पावती मागायचे. दुकानच जळालं तिथं पावती कुठून येईल? वहीच्या पानाचा फोटो अन दोन शेजाऱ्यांच्या सह्या एवढं चालवून घ्या, हे मंजूर करून घेतलं ते मला माझ्या सगळ्या नोकरीतलं सगळ्यात कामाचं काम वाटते.

गोडाऊनचा चौकीदार मात्र त्या पहिल्या यादीपासून सापडत नव्हता. दर महिन्याला मी त्याचा पगार बाजूला ठेवायचो, ऑडिटवाले विचारायचे ही रक्कम कायले पेंडिंग, मी लिहायचो शोध चालू आहे. माय फोनवर शेतातली तूर, सोयाबीनचा भाव सांगून झालं की विचारायची, "तो चौकीदार भेटला का रे?" मार्च 2024 मधे अनोळखी नंबरवरून फोटो आला, वहीच्या पानावर निळा अंगठा, खाली त्याच्या पोराच्या अक्षरात चौकीदाराचं नाव आणि ठिकाण, 'कसाला', म्हणजे सुदानच्या पूर्वेकडचं शहर. अकरा महिन्यांचा पगार एकदम पोराच्या खात्यात टाकला आणि पहिला फोन मायला केला.