तुम्ही विचारलंत म्हणून: तबला नाही, मग ताल कोण धरतं?

नॉर्वेत राहते आणि तिथलं लोकसंगीत ऐकते म्हटलं की गाण्यातल्या मंडळींचा प्रश्न ठरलेला: तबला नाही, ढोलकी नाही, मग ताल धरतं कोण?

पाय. वादकाचाच. खुर्चीवर बसून हार्डिंगफेले वाजवणारा माणूस बुटाने लाकडी जमिनीवर असे ठोके देतो की नाचणाऱ्याला आणखी काही लागत नाही. हार्डिंगफेले हे तिकडचं व्हायोलिन. वर चार तारा, त्यांच्याखाली चार-पाच तरफा, म्हणजे गज न लागता आपोआप झंकारणाऱ्या तारा. सारंगी ऐकलेल्या कानाला तो झंकार समजावून सांगायला नको. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी जरा सपाट असते, त्यामुळे गज एका वेळी दोन तारांवर फिरतो आणि सुराचा भरणा आपसूक होतो.

खरी मेख आहे स्प्रिंगार या नाचात. कागदावर तीन मात्रा. आपण उत्साहाने बोटांवर मोजायला जातो आणि लगेच घसरतो, कारण मात्रा सारख्या नसतातच! नॉर्वेच्या तेलेमार्क भागात पहिली लांब, दुसरी मध्यम, तिसरी आखूड. वाल्द्रेस भागात पहिलीच आखूड आणि दुसरी लांब. वादक लय ओढतोय असं वाटतं, पण तसं नाही; ठेकाच तसा आहे. एकसारखे ठोके देणारा मेट्रोनोम इथे कुचकामी. नाचणाऱ्यांचे गुडघे कधी वाकतात, अंग कधी वर येतं, ते बघत राहिलं तरच हिशेब लागतो.

तेलेमार्कचे वादक क्नूट डाले यांच्या सतरा चिजा व्हायोलिनवादक योहान हाल्व्होर्सनने १९०१ साली लिहून घेतल्या आणि नॉर्वेचा संगीतकार ग्रीग याने त्या पियानोसाठी बांधल्या. काम अप्रतिमच आहे. पण स्वरलिपीत तीन मात्रा सारख्याच दिसतात, आणि पियानोवाले बहुधा तशाच वाजवतात. मला तिथे स्प्रिंगार सापडत नाही.

स्वीडनच्या पोल्स्का नाचातही तीनच मात्रा, पण जोर बहुतेक वेळा पहिलीवर आणि तिसरीवर; दुसरी नुसती तरंगते. हे सगळं मोजून डोकं दुखलं तर सरळ नॉर्वेचा हॅलिंग नाच बघा. दोन मात्रांचा खणखणीत ठेका. खुर्चीवर उभी राहिलेली बाई काठीच्या टोकाला टोपी धरते आणि नाचणारा उसळी मारून ती लाथेने उडवतो. त्या वेळी मात्रा कोणीच मोजत नाही, सगळ्यांचं लक्ष टोपीकडे.